काळ्या रंगाचा शेवटचा हात

नोला गेली तेव्हा तिचं शेवटचं चित्र मागच्या शेडमध्ये वाळत होतं. चित्र एकच, पण कागद डझनभर; तारेला चिमट्यांनी अडकवलेले. अंत्यविधीला आलेल्या लोकांच्या गाड्या त्या शेडसमोर उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. हिवाळा आला आणि सरला. नोव्हेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, शेडचे पत्रे पुन्हा तापून कडकड वाजायला लागले, तरी कागद तिथेच होते. तिच्या नवऱ्याने, क्लेम रुडॉकने, त्यांना हात लावला नव्हता.

चित्र पुरं झालेलं नव्हतं. नोलाची छापायची पद्धत अशी होती, की लिनोचा, म्हणजे कोरायच्या मऊ लिनोलियमचा, तुकडा एकच घ्यायचा. आधी थोडं कोरायचं आणि सगळ्यात फिका रंग सगळ्या कागदांवर छापून घ्यायचा. मग त्याच तुकड्यावर आणखी कोरायचं आणि पुढचा, जरा गडद रंग छापायचा. दर रंगाला लिनोतलं काहीतरी कापलं जायचं आणि एकदा कापलेलं परत येत नसे. शेवटी जेवढं उरेल तेवढ्यावर काळा. पिवळट, मातकट, हिरवट आणि राखाडी असे चार रंग ती छापून गेली होती. काळा राहिला होता. काळा लागल्याशिवाय चित्र डोळे उघडत नाही, असं ती म्हणायची.

क्लेमचं काम चाक फिरवायचं. प्रेस त्यानेच बनवला होता. कपडे पिळायच्या जुन्या यंत्राचे रोल, ट्रकचे बेअरिंग आणि भंगारात मिळालेलं एक चाक. जन्मभर त्याने ट्रक दुरुस्त केले होते, त्यामुळे प्रेस कधी अडला नाही. नोला कागद ठेवायची, तो चाक फिरवायचा, नोला कागद उचलायची. कागदावर काय उमटलं ते बघायला तो फारसा थांबत नसे. हात पुसायचा आणि रेडिओवरच्या घोड्यांच्या शर्यतीकडे परत जायचा.

डल्सी टॉलहर्स्ट आली ती दोन मोठ्या झुकिनी घेऊन. ती पलीकडच्या गल्लीत राहायची आणि गावातलं छापचित्रांचं मंडळ तिने आणि नोलाने मिळून चालवलं होतं.

"क्लेम! जिवंत आहेस का रे?"

"आहे. पण तू झुकिनी आणल्या असशील तर मेलोय असं समज."

"आणल्यात. सगळ्यांच्या परसात ढीग लागलेत. रस्त्यावर गाडी लावशील तेव्हा काच वर करत जा, नाहीतर लोक आणखी टाकून जातील." तिने त्या ओट्यावर ठेवल्या, खुर्ची ओढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, "तो लिनो मला दे. नोलाचा. काळा मी छापून आणते. ईस्टरला हॉलमध्ये प्रदर्शन आहे, तिथे लावू."

"मी करणार आहे."

"तू?"

"मीच."

"चाक फिरवून कोरणी चालवता येत असती, तर माझं वॉशिंग मशीन आतापर्यंत चित्रकार झालं असतं."

"इंजिनं बसवलीत मी, डल्सी. केसाएवढी फट ठेवून."

"इंजिन चुकलं तर पुन्हा खोलता येतं." ती आता हसत नव्हती. "हे येत नाही. हट्टीपणा करू नकोस बाबा. तिचं शेवटचं आहे."

"म्हणूनच."

डल्सीने खुर्ची मागे ढकलली. मग उठताना म्हणाली, "काही अडलं तर विचार. एवढं तरी कर."

"अडणार नाही," क्लेम म्हणाला.

चित्रातलं झाड घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होतं, नदीच्या वळणावर. जुनं रेड गम, निलगिरीच्या जातीचं. हे झाड उन्हाळ्यात वारा नसताना, आवाज न करता, चांगली हिरवी फांदी खाली टाकतं. या नदीकाठच्या लहान पोरांनाही ते माहीत असतं. कुणी त्याच्याखाली तंबू ठोकत नाही, गाडी लावत नाही. नोलालाही माहीत होतं. पण झाडावर रुंद चोचीचा, सालीच्याच रंगाचा बेडूकतोंड्या पक्षी बसायचा आणि तो फक्त एकाच जागेवरून नीट दिसायचा, म्हणून ती घडीची खुर्ची नेमकी त्या जागी टाकायची. क्लेमने तिला कितीदा सांगितलं होतं. "पडली तर ऐकू येईल की मला," असं तिचं उत्तर असायचं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी पाणी तापल्यासारखं दिसत होतं, पान हलत नव्हतं, आणि झाडाची सगळ्यात खालची फांदी पडली. तिला ऐकू आलं की नाही, हे कुणालाच माहीत नाही.

आता झाडाभोवती लाल-पांढरी पट्टी होती आणि खाली बसू नये अशी पाटी. क्लेम पट्टीच्या बाहेर उभा राहायचा. डल्सी येऊन गेल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून तो पहाटे थर्मासमध्ये चहा भरून जायला लागला. त्याला एवढंच बघायचं होतं, की झाडात काळं काय आहे. राखाडीपर्यंत नोलाने करून ठेवलं होतं. त्या राखाडीतलं किती काळ्याखाली जायचं आणि किती तसंच सोडायचं, हे ती कुणाला सांगून गेली नव्हती. लिनोवर ती आधी पेनने रेघा मारायची, पण दर रंगानंतर तुकडा टर्पेंटाइनने पुसताना त्या गेल्या होत्या.

पहिले काही दिवस त्याला नुसतं झाड दिसलं. आणि राग येत होता, तोही झाडाकडे बघूनच. मग हळूहळू दिसायला लागलं. सालीच्या लांब पट्ट्या सुटून लोंबत होत्या आणि त्यांच्या आतली बाजू काळी होती. मागच्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं तिथवर खोड काळं होतं, वरचं नव्हतं. गुलाबी काकाकुआंची जोडी ज्या ढोलीत शिरायची ती सकाळी काळी दिसायची आणि ऊन चढलं की तपकिरी. खोडावर सिकाडांच्या रिकाम्या टरफलांनी अजून घट्ट पकड ठेवली होती. आतला किडा उडून गेला होता, पाय मात्र सालीत रुतलेले. एक दिवस कुकाबुरा पक्षी लहानसा साप फांदीवर आपटत होता, आपटतच राहिला, साप मेल्यावरही.

हे सगळं क्लेमने आधी ऐकलेलं होतं. नोला सकाळी नदीवरून यायची, टोस्टला लोणी लावता लावता सांगायची, काकाकुआने काय केलं, सिकाडा कुठवर चढले. तो "हं" म्हणायचा. शेडमध्ये आता एकटा उभा राहिला की तिने सांगितलेलं आठवायचा प्रयत्न करायचा, आणि स्वतःचा "हं"च ऐकू यायचा.

पक्षी मात्र त्याला दिसला नाही. खूप वर्षांपूर्वी नोला त्याला दंडाला धरून तिथे घेऊन गेली होती. "तो बघ. तो नाही रे, त्याच्या खाली. माझ्या बोटाच्या रेषेत बघ." डासांनी पाय फोडून काढले होते आणि शर्यत सुरू व्हायला आली होती. तो म्हणाला होता, "दिसला, दिसला." नोला इतकी खूश झाली होती, की पुढे कित्येक दिवस ती त्याला पक्ष्याची खबर द्यायची, दोघांच्या ओळखीच्या माणसाची द्यावी तशी.

आता तो फांद्या एकेक करून तपासत होता. फांदी पडून गेली तिथे खोडाला तिचं एक जाडसर, फुटकं थोटूक राहिलं होतं, तुटलेल्या टोकांचं. तिकडे तो बघत नसे. बाकी झाडावर कुठेच पक्षी नव्हता. फांदीबरोबर त्याची जागा गेली आणि तोही गेला, असं क्लेमने मनाशी ठरवून टाकलं.

ख्रिसमसला अ‍ॅडलेडहून मुलीचा फोन आला. "बाबा, या ना इकडे. एकटे काय करताय तिथे?"

"काम चाललंय, केरिन."

"कसलं काम? तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली!"

"आईचं राहिलेलं," तो म्हणाला. पलीकडे केरिन रडायला लागली आणि आपण हॅम कसा शिजवला ते तो तिला सांगत बसला.

जानेवारीत त्याने कोरायला घेतलं. लिनो थोडा वेळ उन्हात ठेवला, म्हणजे मऊ पडतो. कोरण्या नोलाच्याच; त्यांना धार तोच लावून द्यायचा. मुठी तिच्या तळहाताने झिजून एका बाजूला बसक्या झालेल्या, त्याच्या हाताला त्या बारीक पडत होत्या. आधी फेकायच्या तुकड्यांवर त्याने हात बसवला. मग दाढी करायचा आरसा समोर ठेवला, कारण लिनोवर सगळं उलटं असतं, नदी नको त्या बाजूला. तारेवरचा एक कागद, आरशातला लिनो आणि डोक्यात रोज बघितलेलं झाड, असं तिन्ही ताडत तो कापत गेला.

पुराची खूण ठेवली. ढोली ठेवली. सालीच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजू एकेक करून सोडल्या. घामाचे थेंब लिनोवर पडत आणि तो ते बाहीने टिपून घेई. पक्षी चित्रात असणारच, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्यासाठी तर ती तिथे बसायची. बराच शोधल्यावर खोडाच्या वरच्या अंगाला त्याला एक फुगीर गाठ सापडली, डोक्यासारखी गोल, खाली छातीसारखा फुगवटा. त्याला एकदम बरं वाटलं. ही गाठ त्याने फार जपून ठेवली. चोचीसारखी एक रेघ, डोळ्यासारखा एक ठिपका, कडेला पिसांसारखे बारीक काप. त्या एका गाठीला त्याची अख्खी सकाळ गेली. कोरून झाल्यावर तो आरशात बघून स्वतःशीच म्हणाला, "हा घे तुझा पाहुणा."

मग खालची फांदी आली.

नोलाच्या चित्रात ती अजून झाडावरच होती, लांब, नदीकडे झुकलेली. खोडाजवळ तिच्यावर एक तिरपा, आखूड खुंट होता, मोडक्या डहाळीसारखा. राखाडी रंगात सगळं एकजीव दिसत होतं. क्लेमने कोरणी खाली ठेवली आणि चहा करून आणला. चहा प्यायला नाही. ही फांदी त्याला काळी करायची नव्हती. काळं केलं की ती पुढे येणार, सगळ्यात आधी डोळ्यात भरणार, आणि ईस्टरला हॉलमध्ये लोक शेरीचे पेले हातात धरून तिच्यासमोर उभे राहणार. छापलेलं राखाडी त्याला पुसता येत नव्हतं. पण काळ्यापासून ती तोडता येत होती. त्याने रुंद कोरणी घेतली आणि टोकापासून खोडापर्यंत सगळी फांदी कापून काढली. खुंटासकट. एवढं मोठं कापताना लिनोची लांब वेटोळी निघतात, ती त्याच्या बुटांवर पडत होती. आता ती फांदी मागे राहील, धुरकट, असून नसल्यासारखी. आपण नोलासाठी काहीतरी चांगलं केलं असं त्याला वाटलं. त्या वर्षात पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी त्याने काळा लावला. शाई काचेवर घोटली, रोलरचा चिकट आवाज नोलाच्या वेळी यायचा तसा आला. एकट्याने करायचं म्हणजे कागद ठेवायचा, वळसा घालून चाकाकडे जायचं, फिरवायचं, पुन्हा वळसा घालून उचलायचं. रोल कागदावर चढला की नोला "सावकाश, राजा" म्हणायची. तिथे आल्यावर त्याचा हात आपोआप थांबायचा. त्याने तारेवरचे सगळे कागद छापले. एकही चुरगळला नाही, एकही सरकला नाही. झाड काळंभोर, जिवंत उभं राहिलं.

उष्णता वाढत चालली होती. आठवड्याच्या शेवटी वणव्याच्या धोक्यामुळे सगळीकडे आग पेटवायला बंदी जाहीर झाली. पारा पंचेचाळीसवर जाईल असं रेडिओ सांगत होता. शाई वाळल्यावर क्लेमने एक कागद घेतला, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरला आणि टोपी घालून नदीवर निघाला. कशासाठी निघाला ते त्याने स्वतःला नीट विचारलं नाही. झाडाला दाखवायला, बहुतेक.

मॅगपाय सावलीत चोची उघड्या टाकून उभे होते. काकाकुआ गप्प होते. सिकाडा तेवढे ओरडत होते, कान बधिर होईपर्यंत. क्लेम पट्टीपाशी थांबला आणि पुठ्ठा उघडला. कागदावरून त्याने नजर वर नेली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती खालच्या तुटक्या थोटकावर गेली, कारण कागदावर तिथेच फिकं पडलेलं होतं.

थोटकाच्या टोकाने तोंड उघडलं.

लाकूड फाटावं तसं ते उघडलं होतं, रुंद, आतून फिकट पिवळं, आणि गळ्याजवळची साल भराभर थरथरत होती. उकाड्याने पक्षी धापा टाकत होता. एक नारिंगी डोळा अर्धवट उघडला, माणसाकडे वळला, आणि थोटकाला डोकं आहे, छाती आहे, मिटलेले पंख आहेत, हे क्लेमला एकदम दिसलं. तो रोज तिथेच होता. महिनोन्‌महिने, पहाटेच्या चहाच्या वेळी, क्लेमच्या अगदी समोर. फांदी गेली तरी उरलेल्या हातभर लाकडावर तो बसून होता.

मग त्याने कागद बघितला. खालची फांदी. तिच्यावरचा तिरपा, आखूड खुंट. तोच उतार, तीच जाडी. काळ्याची वाट बघत असलेला. आणि वर खोडावर एक गाठ, जिला त्याने चोच आणि डोळा करून दिला होता.

डल्सी दुपारी आली. अशा दिवशी ती गल्लीतल्या म्हाताऱ्यांची दारं वाजवत फिरायची, स्वतः पंचाहत्तरीची असून. क्लेम शेडच्या दारात उभा होता, सगळे कागद रिकाम्या तेलाच्या पिंपात कोंबलेले आणि हातात काडेपेटी.

"आज बंदी आहे," डल्सी म्हणाली.

"माहितीय."

"अख्खं गाव जाळशील आणि नोलाला तोंड कसं दाखवशील?" तिने त्याच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. एक कागद पिंपातून बाहेर ओढला, मांडीवर सरळ केला, चष्मा वर चढवला. तिची नजर सरळ खालच्या फांदीवर गेली. तिथे थोडा वेळ थांबली. मग वर त्या गाठीवर. तिने चष्मा काढून हातात धरला.

"बोल," क्लेम म्हणाला.

"काम स्वच्छ आहे."

"डल्सी."

"तुला माहीत नव्हतं, तो कुठे बसतो ते?"

"नाही."

"अरे पण ती रोज..." डल्सी थांबली. "विचारायचं होतंस मला. एका शब्दाने सांगितलं असतं."

"विचारलं असतं तर तुला कळलं असतं, की मी तिचं कधी ऐकतच नव्हतो."

डल्सीने रिकाम्या तारेकडे बघितलं. पत्रा तापून वाजत होता. तिने विचारलं, "राखाडीपर्यंतचा एखादा तरी ठेवलास ना? ती एक नेहमी मागे ठेवायची. चुकलंच तर ताडून बघायला."

क्लेमने नकारार्थी मान हलवली. तारेवर होते ते सगळेच त्याने छापले होते. एक वेगळा का लटकतोय, शेवटच्या चिमट्याला, इतरांपासून लांब, असा प्रश्न त्याला पडला होता. प्रश्न पडला आणि त्याने तोही छापला.

"ऐक," डल्सी हळूच म्हणाली, "मी पेनने त्या खुंटावर डोळा काढते. मिटलेल्या पापणीची एक रेघ, चोचीवरचे दोन-चार केस. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"मग काय करायचं?"

"पेन्सिल दे."

त्याने कागद पिंपातून काढले, बाकावर पसरले आणि तळहाताने एकेक सपाट केला. नोला खाली कोपऱ्यात सही करायची ती जागा कोरी होती. गॅरेजमध्ये नियम होता, ज्याने काम केलं त्याने सही करायची. ब्रेक निकामी निघाला तर कुणाला बोलावायचं ते कळायला हवं. क्लेमने प्रत्येक कागदावर स्वतःचं नाव लिहिलं.

"अरे, हे तिचं चित्र आहे," डल्सी म्हणाली.

"राखाडीपर्यंत होतं."

"आणि ईस्टरला हॉलमध्ये?"

"लावायचं तर लाव. झाडाचं चित्र म्हणून लाव. तिचं नाव घालू नकोस त्याला."

छपाई संपली की लिनोवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन आडव्यातिडव्या खाचा मारायच्या, म्हणजे पुन्हा कुणी त्याच्यावरून छापू नये, असा या लोकांचा रिवाज. नोला ते हसत हसत करायची आणि मग दोघं बिअर उघडायची. डल्सीने विचारलं, मी मारू का. क्लेमने नको म्हटलं. रुंद कोरणी घेऊन त्याने एक खाच मारली, मग दुसरी. दोन्ही एकमेकींना कापून गेल्या त्या बरोबर ढोलीवर. गाठ वाचली.

डल्सी गेली. जाताना काडेपेटी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे जरा निवलं होतं. क्लेम चहा घेऊन पट्टीपाशी उभा राहिला. त्याने सरळ थोटकाकडे बघितलं. नेमकी जागा आता त्याला माहीत होती, तरी तिथे साल होती, भेगा होत्या, तुटकी टोकं होती, आणि ती हलत नव्हती. तो डोळे बारीक करून बघत राहिला. चहा निवून गेला. पक्षी आहे की लाकूड, ते त्याला सांगता येईना. दिसला, असं या वेळी तो म्हणाला नाही.